उत्कृष्ट सहभाग

पेणजवळच्या एका पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर उजमा धनसे शिरली, तेव्हा सव्वीस पोलिसांपैकी एकही जण खुर्चीतून हलला नाही. कुणाच्या तरी मोबाइलवर कबड्डीचा सामना चालू होता. भिंतीवर 'घरगुती हिंसाचार आणि बालकांवरील अत्याचार : पोलिसांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण' असा कापडी फलक होता आणि त्याचा एक कोपरा सुटून लोंबत होता. उजमाने खुर्ची ओढली, तिच्यावर चढून कोपरा बांधला. ती उतरत असताना मागून कुणी तरी विचारलं, बाई पडली तर कुठलं कलम लागतं रे. हशा पिकला.

उजमा रोह्याची. वय एक्केचाळीस. रोह्यात बायकांसाठी एक सल्ला केंद्र होतं, तिथे ती चौदा वर्षं बसत होती. मार खाऊन आलेल्या बायकांबरोबर तिने पोलीस ठाण्यांची इतकी बाकं झिजवली होती, की कुठल्या ठाण्यात पाणी मिळतं आणि कुठल्या ठाण्यात नुसत्या शिव्या, हे तिला तोंडपाठ होतं. त्यामुळेच पोलिसांना शिकवायचं हे काम केंद्र चालवणाऱ्या संस्थेने पुढे केलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. सहा तुकड्या होत्या, ही तिसरी. आधीच्या दोन्ही तुकड्यांनी तिला असंच घेतलं होतं, पण निदान पहिल्या अर्ध्या तासानंतर लोक ऐकायला लागले होते. इथे दुपार झाली तरी काही जमेना.

सगळ्यात पुढे, हाताची घडी घालून सहायक फौजदार काळुराम घरत बसला होता. छप्पन्न वर्षांचा, जाड मानेचा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. खाली ठाणे अंमलदाराच्या टेबलावर त्याची ड्युटी होती. त्या टेबलावरून उठवून त्याला इथे बसवलं, याचा राग तो कोणापासून लपवत नव्हता.

"मॅडम, बाई येते, रडते," तो म्हणाला. "मी पाणी देतो. नवऱ्याला बोलावतो, दम देतो, दोघांना घरी पाठवतो. रविवारी तीच दोघं एका गाडीवर बाजारात दिसतात. तेहतीस वर्षं हेच केलं. यात तुमचा कायदा कुठं बसवू?"

उजमाने विचारलं, की ज्या बाजारात दिसल्या नाहीत, त्यांचं काय झालं.

"त्या परत आल्या नाय."

"आल्या नाहीत, की येऊ शकल्या नाहीत?"

उत्तर दिलं ते मागच्या रांगेतल्या एकाने. त्याने सुचवलं, की मॅडमने हे सगळं आधी आपल्या मोहल्ल्यात जाऊन शिकवावं, मग इकडे यावं. या वेळी हशा जरा दबून आला. उजमाचे कान तापले. ती म्हणाली, की गेल्याच वर्षी आपल्या सख्ख्या चुलतभावाविरुद्ध तिने त्याच्या बायकोला तक्रार लिहायला लावली आहे, तेव्हापासून घरच्या एकाही लग्नाचं बोलावणं तिला आलेलं नाही. मग तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणी आपल्या माणसाचं नाव आजवर लिहिलंय?"

मागे कुणी तरी मोबाइलवर पुन्हा सामना लावला.

या सगळ्यात एकच जण वेगळा होता. हवालदार निलेश भोईर, रोह्याकडच्या एका ठाण्यातून आलेला. पस्तिशीच्या आतला, सडसडीत, दाढी घोटलेला, कपड्यांना इस्त्री. त्याने मागच्या पोरांना मोबाइल बंद करायला लावले. उजमासाठी पाण्याची बाटली आणून ठेवली. ती जे विचारेल त्याचं उत्तर त्याला येत होतं. लहान मुलाचा जबाब गणवेशात घेऊ नये. त्याला तेच तेच पुन्हा विचारू नये. आरोपी समोर येईल अशा जागी बसवू नये. हाड मोडलं असेल तर गुन्हा दखलपात्र, तिथे नुसती नोंद करून चालत नाही. एकदा काळुरामने कायद्यातला एक जुना कलम क्रमांक सांगितला, तेव्हा निलेशने अगदी अदबीने, "काका, आता नवीन संहिता आलीय, तो नंबर बदलला," असं म्हणून सगळ्यांसमोर दुरुस्ती केली. काळुरामची मान लाल झाली. उजमाला बरं वाटलं. वाटू नये हे कळत असूनही वाटलं.

दुपारनंतर तिने प्रात्यक्षिक ठेवलं होतं. तक्रारदार बाईच्या जागी चंद्रावती नावाच्या अनुभवी महिला हवालदाराला बसवलं आणि पोलीस म्हणून निलेशला. निलेशने खुर्ची जरा तिरकी केली, म्हणजे बाईवर दडपण येऊ नये. आवाज खाली आणला. "ताई, घाई नाही. तुम्हाला जमेल तिथून सांगा. इथं तुमचं ऐकलं जाईल," तो म्हणाला. खोलीत खरोखर सगळे गप्प झाले. चंद्रावतीने त्याला सांगितलेली गोष्ट खोटी होती, पण सांगताना तिचा आवाज हलला. संपलं तेव्हा उजमाने टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांना म्हणाली, "हे असं."

संध्याकाळी पाचला ठाण्याचे निरीक्षक दत्तात्रेय खैरे वर आले. उद्या घाई होईल, प्रमाणपत्रांवर आजच सह्या करून टाका, असं ते म्हणाले. संस्थेलाही कागद वेळेत हवे होते. उजमाने सव्वीस प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. त्यातल्या तिघांच्या कागदावर 'उत्कृष्ट सहभाग' असा जादा शेरा लिहायचा होता. पहिलं नाव तिने निलेशचं लिहिलं. बाकीची प्रमाणपत्रं निरीक्षकांच्या कपाटात गेली. निलेशने मात्र आपलं आजच मागून घेतलं. मुलीला दाखवायचं आहे, म्हणाला. फलकाखाली उभं राहून त्याने फोटोही काढवून घेतला. उजमा प्रमाणपत्र देतेय, तो वाकून घेतोय, दोघंही हसतायत.

रात्री रोह्याला घरी पोचल्यावर उजमाने भावाला कुवेतला फोन करून सांगितलं, की सव्विसात एक निघाला, एक निघाला तरी पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती मुलांच्या जबाबाबद्दल बोलत होती, तेव्हा दार उघडलं. बाहेरच्या शिपायाने अडवलेलं असणार, कारण आत आलेल्या बाईची ओढणी खांद्यावरून घसरलेली होती. एकोणतीस-तीस वर्षांची, काळीसावळी, नखांच्या कडांना सोनेरी रंग लागलेला. तिने एका हातात मोबाइल धरला होता, दुसऱ्या हाताने सात वर्षांची एक मुलगी. मुलीच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती.

ती कोणाकडे न बघता सरळ उजमापाशी आली आणि मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर कालचा फोटो होता. खाली निलेशने ठाण्याचं नाव टाकून लिहिलं होतं, 'महिला व बालकांच्या सुरक्षेसाठी सदैव तत्पर.'

"ह्या तुमीच ना?" तिने विचारलं.

उजमा हो म्हणाली.

"हा माझा नवरा. ही त्याची पोरगी. हिची बोटं त्याने मोडली. आणि तुमी त्याला कागद देऊन हसताय."

उजमाने निलेशकडे पाहिलं. तो तिसऱ्या रांगेतून उठला होता. चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळही नव्हता. काल चंद्रावतीशी बोलला होता त्याच आवाजात तो बोलला.

"प्रतिक्षा, आपण घरी बोलू. परीला त्रास होतोय बघ." मग उजमाकडे वळून, "मॅडम, ती गेले काही महिने मानसिक तणावात आहे. मी तिला समुपदेशनाला न्यायच्या विचारात होतो. तुम्हीच काल म्हणालात, अशा वेळी बाईवर घाई करू नये. तिला जरा वेळ देऊ."

कालचे तिचेच शब्द होते. एकही चुकला नव्हता. या माणसाला हे सगळं चांगलं येत होतं, ते त्याला काय करायचं हे कळावं म्हणून नव्हतं. कुठून पकडले जाऊ शकतो हे कळावं म्हणून होतं. आणि तिने काल दिवसभर त्याला त्याच गोष्टी आणखी पक्क्या करून दिल्या होत्या.

प्रतिक्षा पेणजवळच्याच हमरापूरची. तिचे वडील जनू गणपतीच्या मूर्ती घडवत आणि ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करी. माघी गणपतीच्या ऑर्डरी आल्यात, वडिलांना हात हवा, असं सांगून आठ दिवसांपूर्वी ती मुलीला घेऊन माहेरी आली होती. रविवारी निलेश त्यांना परत न्यायला येणार होता. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी खोलीत सव्वीस पोलीस होते, त्यातले निम्मे उभे राहिले होते, आणि बघता बघता निलेश आणि प्रतिक्षा यांच्यामध्ये पोलिसांची जी भिंत झाली ती प्रतिक्षाकडे तोंड करून, निलेशला पाठीशी घालून उभी होती. कोणी म्हणालं, वहिनी, डिपार्टमेंटचा माणूस आहे, जरा विचार करा. कोणी म्हणालं, नोकरी गेली तर खाल काय. मागच्या रांगेतल्या त्याच माणसाने उजमाला सुनावलं, की हेच हवं होतं तुम्हाला.

उजमा मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. ती चूक होती, आणि आदल्या दिवशी याच चुकीबद्दल ती तासभर बोलली होती. पण तिच्याने राहवलं नाही. "बाळा, बोटांना काय झालं?" तिने विचारलं. मुलीने तोंड आईच्या कुशीत खुपसलं. प्रतिक्षाने उजमाचा हात झटकला. "तिला इचारू नका. त्याच्यासमोर इचारताय? अक्कल हाय का तुमाला?"

एवढ्यात आरडाओरडा ऐकून निरीक्षक खैरे वर आले. त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. घरचा मामला आहे, दोघं माझ्या केबिनमध्ये या, चहा घ्या, बोलू. प्रतिक्षा म्हणाली, तिला चहा नको, तक्रार लिहायची आहे. त्यांनी सांगितलं, की घटना रोह्याकडे घडली, ही आमची हद्द नाही, तिकडच्या ठाण्यात जावं.

"तिकडच्या ठाण्यात हा बसतो," प्रतिक्षा म्हणाली. "मला बोलला होता. जाशील कुठं, लिहिणारा मीच."

उजमा उठून उभी राहिली. हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो, हे काल सकाळी अकरा ते साडेबारा याच खोलीत सांगितलं आहे आणि तुमच्या हजेरीपत्रकावर सगळ्यांच्या सह्या आहेत, असं ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. खैरेंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं.

"मॅडम, तुमचं प्रशिक्षण संपलं. सामान आवरा."

मग पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. काळुराम घरत उठला. त्याने खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, डोळ्यांवर लावला.

"साहेब, वर बसवलंत तरी आज ठाणे अंमलदार मीच आहे," तो म्हणाला. "बाई तक्रार घेऊन आलीय. लिहितो."

खैरे त्याला बाजूला घेऊन काही तरी हळू बोलले. काळुराम ऐकत राहिला आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की नका लिहू असं साहेबांनी लेखी द्यावं, मग तो नाही लिहिणार. लेखी देणारा माणूस खैरे नव्हते. ते खाली निघून गेले. काळुराम दारापर्यंत गेला आणि प्रतिक्षाला म्हणाला, "चल गो." उजमाच्या बाजूने जाताना तो थांबला. "तुमच्यासाठी नाय लिहीत," एवढंच बोलला. निलेशकडे मात्र त्याने पाहिलं, आणि त्या पाहण्यात उजमाला कालचा तो कलम क्रमांक दिसला. चांगल्या कामामागे एवढंसं खुनशी कारण असू शकतं, हे तिला त्या दिवशी गिळावं लागलं. कारण शोधत बसायला वेळ नव्हता.

मुलीला चंद्रावतीने सांभाळलं. तिने कोणाला विचारलं नाही. खालच्या खोलीत जाऊन पिशवीतला साधा ड्रेस घातला, केस सोडून पुन्हा बांधले, आणि परत येऊन मुलीला फक्त विचारलं, की बाहेर येतेस का. मुलीने आईकडे बघितलं, आईने मान हलवली. जिन्यात मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पप्पांना इथलं ऐकू जातं का?"

"जातं," चंद्रावती म्हणाली. "म्हणून आपण इथं नाय थांबायचं."

ठाण्यापासून दोन गल्ल्या पलीकडे चंद्रावतीच्या बहिणीचं घर होतं, पोह्याचे पापड लाटायचं काम चालायचं. तिथे बायकांच्या घोळक्यात मुलगी दुपारपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी तिला कोणी काही विचारलं नाही. तिचा जबाब आठवड्याने झाला, हमरापूरला आजोबांच्या घरी, चंद्रावतीसमोरच.

खाली टेबलावर काळुराम लिहीत होता. आधी हाताने, मग पोरगा संगणकावर टाईप करणार. उजमाला त्याने समोर बसू दिलं नाही. ती दाराजवळच्या बाकावर बसली आणि तिथून ऐकत राहिली. काळुराम ज्या पद्धतीने विचारत होता त्या पद्धतीने विचारू नये, हेही तिच्या टिपणांत होतं. तो खेकसत होता. प्रतिक्षाही त्याच्यावर खेकसत होती.

"कधी?"

"नऊ तारखेला. संध्याकाळी."

"साडेसहा, सात?"

"दिवा लावत होते."

"साडेसहा. मग?"

परी डाव्या हाताने लिहायची, हे कारण होतं. निलेशला ते खपत नव्हतं. रोज ड्युटीवरून आला की गणवेशातच मुलीला समोर बसवून तो शुद्धलेखन घ्यायचा आणि डावा हात उचलला की फटका द्यायचा. नऊ तारखेला तिने सबंध पान डाव्या हाताने लिहिलं. त्याने तिचा हात धरला, लोखंडी कपाटाच्या खणात बोटं ठेवली आणि खण लावला. दवाखान्यात दारात अडकली म्हणून सांगितलं. स्वतः प्रतिक्षाला तो सात वर्षं मारत आला होता, पण दिसेल तिथे कधीच नाही. केसांच्या आत, पाठीवर, ओल्या टॉवेलने. कुठं मारलं की वण राहत नाही, ते त्याला नोकरीने शिकवलं होतं.

"कपाटाचा कुठला खण?" काळुरामने विचारलं.

"त्यानं काय होणारे?"

"वकील इचारतो. कुठला?"

"खालचा."

तो लिहीत गेला. उजमाने इतक्या वर्षांत अनेक तक्रारी पाहिल्या होत्या. त्यांत 'किरकोळ कारणावरून शिवीगाळ व मारहाण' असं एक ठरलेलं वाक्य असायचं आणि बाईचं सगळं आयुष्य त्या वाक्याखाली दबून जायचं. काळुरामने तसं एकही वाक्य लिहिलं नाही. त्याने ओला टॉवेल लिहिला, दिवा लावण्याची वेळ लिहिली, मुलगी रडली नाही हेही लिहिलं, कारण प्रतिक्षा तसं बोलली. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि सही घेतली. एकदाही त्याने तिला सहानुभूतीचा शब्द दिला नाही.

दोन वाजता गुन्हा नोंदवला गेला. निलेश तोवर मोटारसायकलवरून निघून गेला होता. त्याला कोणी अडवलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. कागद पुढे गेला, तिकडच्या ठाण्याने तो चार दिवस दाबून ठेवला, मग वरून विचारणा झाली तेव्हा बाहेर आला. अकराव्या दिवशी निलेश निलंबित झाला. त्याने अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला आणि त्या अर्जासोबत, इतर कागदांबरोबर, एक प्रमाणपत्र जोडलं. घरगुती हिंसाचार आणि बालकांवरील अत्याचार, दोन दिवसांचे प्रशिक्षण, उत्कृष्ट सहभाग, खाली उजमा धनसेची सही. असा माणूस पोटच्या मुलीला इजा करील हे पटण्यासारखं नाही, असं वकिलाने अर्जात म्हटलं होतं.

हे उजमाला प्रतिक्षाने सांगितलं. फोन करून नाही. उजमा हमरापूरला गेली तेव्हा, कारखान्याच्या दारातच, हातातला ब्रश खाली न ठेवता. आत रंग लावायच्या राहिलेल्या मूर्तींच्या रांगा होत्या आणि म्हातारा जनू एका कोपऱ्यात बसून माती मळत होता. त्याने उजमाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"तुमचा कागद त्याच्या कामी आला," प्रतिक्षा म्हणाली.

उजमाने सांगायचा प्रयत्न केला, की सही आदल्या दिवशीच घेतली होती, तिला माहीत नव्हतं. प्रतिक्षा म्हणाली, माहीत नव्हतं तर लिहिलं कशाला. उजमा चहा न घेता परतली. घ्याल का, असं कोणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी जबाब दिला. प्रशिक्षण संपण्यापूर्वी सह्या घेतल्या, प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी अकराला थांबवलं गेलं, आरोपीने ते पुरं केलेलं नाही, आणि 'उत्कृष्ट' हा शेरा आपण एका तासाच्या प्रात्यक्षिकावरून दिला, तो आपला चुकीचा अंदाज होता. संस्थेच्या कार्यालयातून फोन आला, की हे शेवटचं वाक्य काढून टाका, संस्थेचं नाव खराब होईल. तिने काढलं नाही. आठवड्याने उरलेल्या तीन तुकड्या दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेल्या. निरीक्षक खैरेंनी अभिप्रायात लिहिलं होतं, की प्रशिक्षकांनी आपल्या मर्यादेबाहेर जाऊन कामकाजात अडथळा आणला.

काळुरामची तऱ्हा निराळी. त्याच्याशी ठाण्यात कोणी चहा पीत नव्हतं. त्याच्या टेबलावरची ड्युटी काढून त्याला महामार्गावर गडब गावाच्या पुढे, रुंदीकरणाच्या धुळीत, वाहतुकीला उभं केलं होतं. उजमाची एसटी एकदा तिथे कोंडीत थांबली. तो खिडकीखालीच होता, तोंडाला रुमाल बांधून. तिने खिडकी उघडली आणि त्याला नमस्कार केला. त्याने ओळखलं.

"बरं लिहिलं होतंत तुम्ही," ती म्हणाली.

"मी पहिल्यापासून बरंच लिहितो," काळुराम म्हणाला. "लिहायला घेत नव्हतो." मग त्याने ड्रायव्हरला शिटी मारली आणि गाडी पुढे काढायला लावली.

जामीन अर्जाची सुनावणी फेब्रुवारीच्या शेवटी लागली. उजमाला कोणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून गेली. कोर्टाच्या व्हरांड्यात प्रतिक्षा आणि परी एका बाकावर बसल्या होत्या. निलेश समोरच्या टोकाला वकिलाबरोबर उभा होता, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. तो मुलीकडे पाहून हसला आणि हात हलवला. मुलगी बाकावर मागे मागे सरकली.

उजमा जवळ आली तेव्हा प्रतिक्षाने तोंड फिरवलं. पण पुकारा झाला आणि तिला आत जावं लागलं. जनू आजारी होता, चंद्रावतीला बंदोबस्त होता, मुलीजवळ बसायला कोणी नव्हतं. प्रतिक्षाने दोनदा इकडेतिकडे पाहिलं. मग ती उजमाला म्हणाली, "तिच्याशी बोलू नका. नुसत्या बसा."

उजमा बसली. तिने मुलीच्या आणि निलेशच्या मधली जागा घेतली आणि पाठ भिंतीला न टेकता ताठ बसून राहिली. थोड्या वेळाने निलेश दोन पावलं पुढे आला. "मॅडम, मी फक्त तिला बघतोय. बाप आहे," तो त्याच मऊ आवाजात म्हणाला. उजमाने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि दारावरच्या शिपायाला हाक मारून मोठ्याने सांगितलं, की या माणसाला मुलीपासून लांब उभं करा. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. निलेशचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. अर्ध्या क्षणापुरता, पण उजमाने तो पाहिला, आणि मुलीने रोज काय पाहिलं असेल ते तिला कळलं. शिपायाने त्याला जिन्याकडे नेलं.

सुनावणी तास-दीड तास चालली. मुलीने एकदाही उजमाकडे पाहिलं नाही. एकदा तिने पिशवीतली बाटली काढली, ती एका हाताने उघडेना. उजमाने हात पुढे केला. मुलीने बाटली दिली, उघडून मिळाल्यावर परत घेतली आणि पाणी प्यायली.

अर्ज फेटाळला गेला. क्ष-किरणाचा फोटो आणि मुलीचा जबाब यांचा न्यायाधीशांनी निकालात उल्लेख केला, प्रमाणपत्राचा कुठेच नाही. निलेश चार दिवसांनी हजर झाला आणि दीड महिन्याने जामिनावर सुटला, हमरापूरच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही या अटीवर. खटला अजून उभा राहायचा आहे.

सुनावणीच्या त्या दुपारी प्रतिक्षा बाहेर आली तेव्हा तिने उजमाला निकाल सांगितला नाही, तो सरकारी वकिलाकडून कळला. तिने मुलीचा उजवा हात धरला, पिशवी खांद्याला अडकवली आणि चालायला लागली. पायऱ्या उतरून झाल्यावर ती थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "माझ्या संरक्षणाच्या अर्जाची तारीख अठराची हाय. दहाला या."